बर्फाने कोंडलेले गाव, पुराने तुटलेले गाव

डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड या उत्तर युरोपातील पाच देशांत गेल्या साठेक वर्षांत गुन्हेकथेचा जो प्रकार आकाराला आला, तो 'नॉर्डिक नोआर' या नावाने ओळखला जातो. नोआर म्हणजे गुन्ह्यामागचा माणसांचा आणि समाजाचा काळोख धुंडाळणारी कथा. खून कोणी केला, हा प्रश्न तिच्यातही असतोच; परंतु तो याच गावात का घडू शकला, हे तिला अधिक महत्त्वाचे वाटते, आणि म्हणून तेथील हवामान, रोजगार आणि जुनी वैरे ही तिची खरी सामग्री ठरते.

स्वीडनमधील माय श्योवाल आणि पेर वालो या जोडीने १९६५ ते १९७५ या काळात मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहून या प्रकाराचा पाया घातला. मोटाला या गावाजवळच्या कालव्यात गाळ काढताना एका अनोळखी स्त्रीचे प्रेत सापडते, येथून त्यांची पहिली कादंबरी सुरू होते आणि तपास महिनोन्महिने रेंगाळतो, कारण तपास हे चिकाटीचे, पुष्कळदा कंटाळवाणे काम आहे, ही त्यांची भूमिका होती. पुढे १९९१ मध्ये हेनिंग मांकेल याने इस्ताद या लहान शहराच्या परिसरात वालांडर या पोलीस अधिकाऱ्यावरील आपली पहिली कादंबरी घडवली आणि एका वृद्ध शेतकरी दांपत्याच्या हत्येनंतर लोकांचा रोष निर्वासितांवर कसा वळतो, हे दाखवले.

एकाकी गावाचा सर्वांत नेमका वापर मात्र आइसलँडच्या राग्नार योनासन याने केला. अगाथा ख्रिस्तीच्या चौदा कादंबऱ्यांचा अनुवाद केलेल्या या लेखकाची 'स्न्योब्लिंदा', म्हणजे हिमांधता, ही कादंबरी २०१० मध्ये आली. ती देशाच्या उत्तर टोकावरील सिग्लुफ्योर्दुर या गावात घडते. डोंगर आणि समुद्र यांच्या चिमटीत सापडलेले हे गाव एकेकाळी हेरिंग माशाच्या धंद्यावर भरभराटीला आले, मासा नाहीसा होताच ओसरले, आणि हिवाळ्यात हिमकडे कोसळले की बाहेरच्या जगापासून तुटते. राजधानीतून आलेला तरुण पोलीस आरी थोर येथे परका आहे. कोणी दार लावून घेत नाही, असे त्याला सांगितले जाते, पण हौशी नाट्यमंडळीच्या तालमीच्या वेळी एक वृद्ध लेखक जिन्यावरून पडून मरतो, आणि तो अपघात मानून सोडून द्यावा अशी सर्वांची इच्छा दिसते. रस्ता बंद झाल्यावर खुनी बाहेरून आला असेल, ही दिलासा देणारी शक्यताच उरत नाही. उरतात ते शेजारी.

मराठी रहस्यकथेचा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळापहाड आणि धनंजय, पुढे गुरुनाथ नाईक आणि सुहास शिरवळकर यांचे नायक, यांनी वाचनाची गोडी लावली हे मोठेच काम होय, पण त्यांचे विश्व मुख्यतः महानगराच्या गर्दीचे आणि अचाट साहसाचे होते. तालुक्याच्या गावातील गुन्हा, जिथे फिर्यादी, आरोपी आणि साक्षीदार एकाच आठवडी बाजारात भेटतात, तो या परंपरेच्या कडेलाच राहिला.

चंद्रपूर जिल्ह्यातील पोंभुर्णा हे असेच तालुक्याचे ठिकाण आहे. धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेते, त्यांच्यामागे जंगल, आणि परिसरातून वाहणाऱ्या अंधारी व वैनगंगा या नद्या. बर्फाचे काम येथे पूर करतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस गोसीखुर्द धरणातून सोडलेल्या पाण्याने वैनगंगाकाठ बुडाला, तेव्हा चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांतील अनेक गावांचा संपर्क तुटला होता. मोहफूल वेचायला किंवा सरपणाला गेलेला माणूस परत आला नाही, की वाघाचे नाव प्रथम ओठांवर येते, आणि पंचनाम्याला पोलिसांइतकीच वनखात्याचीही गरज पडते. हौशी नाट्यमंडळीची जागा घ्यायला या भागाची, म्हणजे झाडीपट्टीची, रंगभूमी आहेच. धान निघाल्यावर गावोगावी रात्रभर नाटके होतात आणि पंचक्रोशी एका मंडपाखाली जमते.

या भागातील गुन्ह्याचे सर्वांत भयंकर रूप एकट्या खुन्याचे नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्याच्याच जिवती तालुक्यातील वणी खुर्द येथे भानामती केल्याच्या संशयावरून दलित कुटुंबांतील वृद्ध स्त्री-पुरुषांना भर चौकात खांबांना बांधून मारहाण झाली. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून लागू असतानाही हे दिवसाउजेडी घडले, गावासमोर घडले. अशा ठिकाणी गुन्हेगार शोधणे सोपे असते; साक्ष मिळवणे अवघड असते.

म्हणूनच येथे अशी कादंबरी लिहायची तर तिचा नायक आरी थोरसारखा बाहेरून बदलून आलेला ठाणेदार असण्यापेक्षा पोलीस पाटील असावा. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने नेमला जाणारा हा माणूस गावचाच रहिवासी असतो, मानधनावर काम करतो, आणि गावात घडलेल्या गुन्ह्याची किंवा संशयास्पद मृत्यूची खबर ठाण्याला देणे हे त्याचे कर्तव्य असते. ज्याच्याविषयी खबर द्यायची, त्याची बांधी पुष्कळदा त्याच्याच बांधीला लागून असते, दोघांच्या शेतात एकाच मामा (माजी मालगुजारी) तलावाचे पाणी येते, आणि ठाणेदाराची बदली झाल्यानंतरही पोलीस पाटलाला त्याच शेजाऱ्याबरोबर पुढच्या हंगामातील पाण्याची पाळी ठरवावी लागते.