सिंहगडाच्या वाटेवरील सहली

पावसाळा ओसरू लागला की पुण्याच्या महाविद्यालयांतील वनस्पतिशास्त्राचे व भूशास्त्राचे विद्यार्थी सिंहगडाच्या वाटेला लागत, आणि त्या वाटेवरील धायरी हे तेव्हा हवेली तालुक्यातील शेतीवाडीचे खेडे होते. त्या सहलींचा मागोवा घेताना जाणवते ते हे, की त्यांनी विद्यार्थ्यांना शहाणे तर केलेच, पण त्यांच्या हातून या मुलखाचे एक दफ्तरही सिद्ध होत गेले.

ही परंपरा जुनी आहे. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्यपद भूषविलेल्या थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरील ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध झाला, तो डोंगरदऱ्यांतून जमविलेल्या नमुन्यांच्याच आधारावर. पुढे शंकर पुरुषोत्तम आघारकर यांना तरुणपणी पश्चिम घाटात हिंडताना गोड्या पाण्यातील जेलीफिश आढळला, आणि असे प्राणी आफ्रिकेतच असतात ही समजूत मोडली. याच आघारकरांनी १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीची धुरा वाहिली.

दख्खनचा काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा, हे पुस्तकातून कळतेच. परंतु घाटाच्या कापणीत दोन थरांमधला तांबड्या मातीचा पट्टा स्वतः उकरून पाहिला, म्हणजे दोन उद्रेकांमध्ये खडक झिजून त्याची माती होण्याइतका अवकाश गेला होता, हे अनुमान विद्यार्थी आपल्या बुद्धीने करतो, आणि असे अनुमान त्याला जन्मभर पुरते. वर्तमानपत्राच्या घड्यांत दाबून वाळविलेली फांदी जाड कागदावर डकवून खाली नाव, स्थळ, तारीख लिहिण्याची शिस्त कित्येकांना केवळ कारकुनी वाटली असेल. पण अमुक गवत अमुक टेकडीवर अमुक साली उगवत होते, याचा दाखला उरतो तो त्या चिठ्ठीमुळेच.

२०१७ साली धायरीचा उर्वरित भागही महानगरपालिकेच्या हद्दीत आला, आणि शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. म्हणून तर सहलींची निकड आता अधिक आहे. दुर्मीळ रोप उपटू नये, त्याचे छायाचित्र घ्यावे, हे खरेच. परंतु महाविद्यालयांनी जुन्या चिठ्ठ्यांवरील स्थळांची यादी हाती घेऊन दर पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांना त्याच टेकड्यांवर न्यावे, आणि काय उरले, काय गेले, काय नव्याने आले याची नोंद तारखेसह त्याच दफ्तरात दाखल करावी.