चाचा कोण, सरखेल कोण?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माणसाला कशाचा नाद लागेल याचा नेम नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. मला नाद आहे तो चाच्यांच्या इतिहासाचा आणि जुन्या गलबतांचा. राहायला मात्र मी नंदुरबार जिल्ह्यातल्या धानोऱ्यात. आमच्याकडे पाणी म्हटलं की विहीर, नाला, फार तर तापी. त्यामुळे लोक विचारतात, "भाऊ, इथं कुठला आलाय समुद्र?"

प्रश्न रास्त आहे. पण प्रकाशाच्या घाटाशी दिसणारं तापीचं पाणी पुढे उकाईतून सुरतेला जातं आणि अरबी समुद्राला मिळतं. मोगलाईत सुरत आणि बऱ्हाणपूर यांना जोडणारा व्यापारी रस्ता नंदुरबारवरून जात असे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० साली या रस्त्याने गेला, आणि बादशहाच्या भेटीला निघालेला इंग्रज वकील टॉमस रो १६१५ साली. सुरत बंदरात संकट आलं की या रस्त्याला त्याची झळ लागणारच. तेव्हा समुद्र दिसत नसला, तरी तो आमच्या शेजारचाच म्हणायचा.

या नादाला लागणाऱ्याला आधी भेटतो तो सिनेमातला चाचा. एका डोळ्यावर पट्टी, खांद्यावर पोपट. खरा चाचा इतका गमतीचा नव्हता. १६९५ मध्ये औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे मोठं जहाज हजचे यात्रेकरू आणि व्यापाराचा पैसा घेऊन सुरतेकडे परतत होतं. हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने ते भर समुद्रात गाठलं. लूट झाली, माणसं मारली गेली, बायकांवर अत्याचार झाले. त्या काळच्या खाफीखानाने हे सारं लिहून ठेवलं आहे. बातमी सुरतेला पोचताच मोगल अधिकाऱ्यांनी तिथल्या इंग्रज व्यापाऱ्यांना कोंडून ठेवलं. एव्हरीचे काही साथीदार १६९६ मध्ये लंडनला फासावर गेले. एव्हरी स्वतः मात्र कधीच सापडला नाही.

याला चाचेगिरी म्हणायला कुणाची हरकत नसावी. पण सगळी प्रकरणं इतकी सरळ नाहीत. समुद्रावर एकाने दुसऱ्याचं जहाज पकडलं, तर तो चाचा की सरकारी अंमलदार, हे बहुतेक वेळा एका कागदावर ठरत असे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या समुद्रात नियम घातला, की प्रत्येक व्यापारी जहाजाने त्यांचा परवाना घ्यायचा. त्याला ते ‘कार्ताझ’ म्हणत. परवाना नसेल तर जहाज जप्त. मोगल बादशहाच्या जहाजांनाही तो घ्यावा लागला. ज्या समुद्रावर आपले लोक पिढ्यान् पिढ्या व्यापार करत होते, तिथे हजारो मैलांवरून आलेला माणूस नाक्यावर बसला आणि त्याने स्वतःला पोलीस म्हणवून घेतलं.

कॅप्टन किडचं उदाहरण तर नामी आहे. त्याच्यापाशी शत्रूची, म्हणजे फ्रेंचांची जहाजं पकडण्याची इंग्लंडच्या राजाची सनद होती. १६९८ मध्ये त्याने आपल्या पश्चिम किनाऱ्याजवळ ‘केदाह मर्चंट’ हे जहाज धरलं. त्या जहाजावर फ्रेंच परवाना होता, हा त्याचा बचाव. खटल्याच्या वेळी तो परवाना पुढे आलाच नाही. खून आणि चाचेगिरी या आरोपांवरून १७०१ मध्ये त्याला लंडनला फाशी झाली. पुढे विसाव्या शतकात तो कागद लंडनच्याच सरकारी दप्तरात सापडला!

हे लक्षात ठेवून आता आपल्या कान्होजी आंग्र्यांकडे वळू. इंग्रजांच्या कागदांत ते ‘पायरेट’ आहेत. मराठ्यांच्या कागदांत ते सरखेल आहेत, म्हणजे आरमाराचे प्रमुख. १७१३ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने ते छत्रपती शाहूंच्या बाजूला आले, तेव्हा त्यांचं हे पद आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडे राहिले. कोकणच्या समुद्रातून जाणाऱ्या जहाजांनी दस्तक घ्यावं, नाहीतर जहाज धरलं जाईल, असा त्यांचा नियम होता. पोर्तुगीज जे करत आले, तेच हे. फरक इतकाच, की किनारा यांच्या राज्याचा होता.

इंग्रजांशी भांडण पेटलं ते एका बारीक मुद्द्यावरून. कंपनीची स्वतःची जहाजं सोडायला आंग्रे तयार होते. पण मुंबईचे देशी व्यापारी आपला माल इंग्रजी निशाणाखाली पाठवत आणि दस्तक चुकवत. निशाण कंपनीचं, माल दुसऱ्याचा. त्यावर कर घ्यायचा की नाही? जुन्या जकात नाक्यावरही असा वाद झाला असता.

आंग्र्यांची ताकद होती गुराब आणि गलबत या दोन जातींच्या जहाजांत. गुराब मोठी, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढचं टोक लांब काढलेलं आणि तिथून समोर मारा करणाऱ्या तोफा. गलबत लहान, वल्ह्यांवरही चालणारं. दोन्हींचे तळ उथळ, म्हणून ती खाडीत शिरत. वारा पडला की मोठं विलायती जहाज जागीच डुलत राही. मग गलबतं गुराबांना ओढत त्याच्या पाठीमागे आणत, कारण तिथे त्याच्या तोफा कमी. आधी डोलकाठ्या आणि शिडं तोडायची, जहाज पांगळं झालं की तलवारी घेऊन वर चढायचं. जहाजं असत सागवानी. सागाची महती सातपुड्याच्या पायथ्याच्या माणसाला मी काय सांगणार!

मुंबईचा गव्हर्नर बून याने विजयदुर्ग आणि खांदेरी घेण्याचा प्रयत्न केला. १७१८ मध्ये खांदेरीहून इंग्रज हात हलवत परतले. १७२१ मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज मिळून अलिबागच्या कुलाब्यावर चालून गेले, तेही फसलं. त्या मोहिमांत असलेल्या क्लेमेंट डाउनिंग नावाच्या खलाशाने १७३७ मध्ये पुस्तक लिहिलं. ते वाचताना गंमत वाटते. ज्याला चाचा म्हणायचं, त्याच्याशी तह करायचा, खंडणी ठरवायची, पत्रं पाठवायची. चोराशी कुणी तह करतं का?

पण आपला माणूस म्हणून डोळे मिटून घेणंही खरं नव्हे. १७१२ मध्ये कान्होजींच्या आरमाराने मुंबईच्या गव्हर्नरची नौका धरली. कारवारच्या वखारीचा प्रमुख त्यात मारला गेला. त्याची तरुण बायको कैदेत पडली आणि तीस हजार रुपये घेऊन तिला सोडण्यात आलं. तिच्या नजरेतून तो सरखेल कोण होता? नाद करायचा तर हाही प्रश्न विचारायला हवा.

शेवट तर अधिक कडू आहे. कान्होजी १७२९ मध्ये वारले. मुलांत भाऊबंदकी झाली. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानेनात, म्हणून नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांकडूनच धरलेलं ‘रेस्टोरेशन’ हे जहाज तोफेच्या गोळ्याने पेटलं, आणि आग सगळ्या आरमाराला लागली. मराठी राज्याचं सर्वांत बळकट आरमार मराठी राज्याच्याच संमतीने जळालं. पुढच्याच वर्षी तेच वॉटसन आणि क्लाइव्ह बंगालमध्ये होते, आणि प्लासी झाली. सुवर्णदुर्ग घेणाऱ्या विल्यम जेम्सच्या स्मरणार्थ त्याच्या विधवेने १७८४ मध्ये लंडनजवळ एक मनोरा बांधला. त्याचं नाव आजही ‘सेव्हर्नड्रूग’ आहे, म्हणजे आपला सुवर्णदुर्गच.

आता कुणी म्हणेल, कोकणातल्या या भांडणाचं खानदेशाला काय? तर ऐका. घाटातली वाट राखायची आणि जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून हक्काची रक्कम घ्यायची, ही आपल्याकडच्या भिल्ल नाईकांची जुनी रीत. समुद्रावर दस्तक, तसा डोंगरात हा हक्क. १८१८ नंतर खानदेशात कंपनीचा अंमल आला आणि तिच्या कागदांत हेच नाईक लुटारू ठरले. सेंधव्याच्या घाटाची रखवाली केलेले खाज्या नाईक १८५७ मध्ये उठावात उतरले. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यात अंबापाणीची लढाई झाली. इंग्रजी दप्तरात ते दरोडेखोर, आपल्यासाठी क्रांतिकारक. दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. पण जो वाटेचा ताबा घेतो, तो आधीच्या रखवालदाराला चोर ठरवतो, हे दोन्हीकडे दिसतं.

म्हणून चाचा हा शब्दच खोटा, असंही नाही. १९८२ च्या आंतरराष्ट्रीय समुद्री कायद्याने चाचेगिरीची व्याख्या केली आहे. तिचा गाभा हा, की भर समुद्रात, खासगी हेतूने, एका जहाजाने दुसऱ्यावर केलेली जबरदस्ती. मार्च २०२४ मध्ये आपल्या नौदलाने ‘रुएन’ जहाजावरच्या ३५ सोमाली चाच्यांना पकडून मुंबईला आणलं, ते याच अर्थाने. आणि त्याच नौदलाच्या मुंबईतल्या तळाला १९५१ पासून ‘आंग्रे’ हे नाव आहे.

या नादाला पैसा फारसा लागत नाही. वाचनालयातून रामचंद्रपंत अमात्यांचं ‘आज्ञापत्र’ आणा. त्यात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजाच्या लाकडासाठी रयतेची आंब्या-फणसाची झाडं जबरदस्तीने तोडू नका, असं त्यात बजावलं आहे. जुने गॅझेटिअर चाळा. कधी अलिबागला गेलात तर ओहोटीला कुलाब्यापर्यंत चालत जा. जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात गेलेल्या बारा मराठा किल्ल्यांत खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे चार जलदुर्ग आहेत, तेही पाहा. आणि कुठेही ‘चाचा’ किंवा ‘दरोडेखोर’ हा शब्द आला, की पुढे वाचण्याआधी एवढंच विचारा: हे लिहिलं कुणी, आणि ती वाट तेव्हा कुणाला हवी होती?