लेकीला सिनेमात जायचंय!

मैत्रिणींनो, गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रोवणी नुकतीच आटोपली होती. बचत गटाची बैठक संपली, सगळ्या आपापल्या घरी गेल्या, एकजण मात्र दाराशी घुटमळत राहिली.

"ताई, पोरीचं सिलेक्शन झालं म्हणते जी. पिक्चरमध्ये. वीस हजार भरा लागते. गटातून कर्ज भेटल का?"

लेक बारावीत. एका हॉटेलच्या हॉलमध्ये ऑडिशन झाली होती. फोटो आणि नोंदणीचे म्हणून पैसे आठ दिवसांत भरायचे होते. माय गळ्यातली पोतही गहाण ठेवायला तयार!

मी पोरीला बोलावलं. विचारलं, "तुझ्यासोबत किती जणी होत्या?"

"शंभरेक असतील, काकू."

"त्यातल्या कोणाला नाही म्हटलं?"

ती विचारात पडली. हळूच म्हणाली, "कोणालेच नाही."

उत्तर तिचं तिलाच मिळालं होतं. गटाने कर्ज दिलं नाही. पोरगी पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. खरं सांगू? मलाही वाईट वाटलं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये मी नाटकात काम केलं, तेव्हा बाबांनी "पुरे झालं आता" म्हणून विषयच संपवला होता. मीही तेच करत होते का? पोरीचं स्वप्न खोटं नव्हतं, खोटा होता तो रस्ता.

दिवाळीनंतर मी मायलेकींना अर्जुनी मोरगावकडे झाडीपट्टीचं नाटक बघायला घेऊन गेले. आपल्या गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीच्या या रंगभूमीचं आपल्यालाच अप्रूप नाही. दिवाळी ते होळी हा तिचा हंगाम. वडसा म्हणजे देसाईगंज हे तिचं मोठं केंद्र. रात्री सुरू झालेलं नाटक पहाटेपर्यंत रंगतं, अन् दुसऱ्या रात्री मंडळी दुसऱ्या गावात. याच रंगभूमीवर पाच हजारांहून अधिक प्रयोग करणारे गडचिरोलीचे परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. मुंबई न गाठता!

पोरगी पहाटेपर्यंत डोळ्याची पापणी न लवता बसली. नाटक संपल्यावर पडद्यामागे एका नटीला भेटली. ती बाई घसा शेकत म्हणाली, "आधी आवाज कमाव, पाठांतर कर. चेहऱ्याचं मग पाहू."

पोटच्या पोरीला या वाटेने पाठवायचं म्हणजे आईच्या जिवाला घोर असतोच. पण भारतीय सिनेमातल्या पहिल्या नायिकांची गोष्ट मायलेकींचीच आहे बरं का! दादासाहेब फाळक्यांच्या 1913 सालच्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती झाले होते अण्णा साळुंके, म्हणजे पुरुषच. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' आला. त्यात पार्वती झाल्या दुर्गाबाई कामत आणि मोहिनी झाली त्यांची लेक कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले. चारचौघींनी नाकं मुरडायच्या त्या काळात आई लेकीसोबत उभी होती. विक्रम गोखले हे याच कमलाबाईंचे नातू.

अलीकडचं उदाहरण अकलूजच्या रिंकू राजगुरूचं. नागराज मंजुळे यांनी तिला निवडलं तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. 'सैराट' 2016 साली आला आणि तिला शाळेत जाणंही कठीण झालं. तरी तिने 2017 साली बाहेरून दहावीची परीक्षा दिली, पुढे बारावीही केली. हे आपल्या पोरींना आवर्जून सांगा.

कारण शिक्षण इथेही कामाला येतं. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधला अभिनयाचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असो, की दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा, पदवी हवीच. त्यामुळे बी.ए. करणं म्हणजे वेळ वाया घालवणं नव्हे. तोवर कॉलेजचं नाटक आहे, राज्य नाट्य स्पर्धा आहे, गावची मंडई आहे.

आणि आयांनो, एक गोष्ट पदराला गाठ मारून ठेवा. कलाकाराला कामाचे पैसे मिळतात, काम मिळवण्यासाठी त्याने पैसे भरायचे नसतात. पोरीला एकटीला ऑडिशनला धाडू नका. करार वाचल्याशिवाय सही नाही. लेकरू चौदा वर्षांखालचं असेल तर नियम आणखी कडक आहेत. दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग तीन तासांपेक्षा जास्त नाही, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, आणि कमाईतला किमान 20 टक्के भाग लेकराच्या नावे बँकेत मुदत ठेवीत जायला हवा.

आमची पोरगी आता बी.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. यंदा कॉलेजच्या नाटकात तिला म्हाताऱ्या आजीची भूमिका मिळाली. आधी रुसली, मग सांजच्याला शेजारच्या आजीजवळ बसून तिचं उठणं-बसणं न्याहाळू लागली. प्रयोगाच्या दिवशी आईने स्वतःचं जुनं लुगडं तिला नेसवून दिलं. गळ्यातली पोत गळ्यातच होती.

मुंबईची विदर्भ एक्सप्रेस आपल्या गोंदियाहूनच सुटते. पोरगीही जाईल एक दिवस. पण जाईल ती काहीतरी शिकून. आणि माय म्हणते, "पहिल्या खेपेले मीच जाईन जी सोबत."