सिस्टर शिकली, वॉर्ड सुटला

लोंढा जंक्शनातून रेल्वेचे तीन फाटे निघतात. एक खानापूर-बेळगाववरून मिरजेकडे जातो, दुसरा कॅसलरॉकचा घाट उतरून गोव्यात, तर तिसरा धारवाड-हुबळीकडे. आणि या भागातल्या नोंदणीकृत परिचारिकेने पदविकेच्या पुढे शिकायचे ठरवले, तर तिच्यासमोरचे पर्यायही बहुतेक याच तीन फाट्यांवर विखुरलेले असतात. बेळगावात केएलई संस्थेच्या अभिमत विद्यापीठाचे नर्सिंग महाविद्यालय आहे, धारवाडला मानसिक आरोग्याची जुनी संस्था आहे, गोव्यात बांबोळीला शासकीय नर्सिंग संस्था आहे आणि मिरजेत तर डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये सुरू केलेल्या रुग्णालयाच्या परंपरेतून परिचारिकांच्या कित्येक पिढ्या घडल्या आहेत.

नोंदणीकृत परिचारिका म्हणजे जीएनएम ही सामान्य परिचर्या व प्रसूतिशास्त्राची तीन वर्षांची पदविका किंवा बी.एस्सी. नर्सिंग ही चार वर्षांची पदवी पूर्ण करून राज्याच्या नर्सिंग कौन्सिलच्या पटावर नाव चढवलेली व्यक्ती होय. पदविकाधारक परिचारिकेसाठी पुढची पायरी पोस्ट बेसिक बी.एस्सी. ही असून ती नियमित महाविद्यालयात दोन वर्षांची असते, तर इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ तीच पदवी नोकरी सांभाळणाऱ्या परिचारिकांना तीन वर्षांत देते. त्यानंतर दोन वर्षांची एम.एस्सी. येते, जिच्यात वैद्यक-शल्य, बाल, स्त्रीरोग व प्रसूती, मानसिक आणि सामुदायिक आरोग्य अशा पाच शाखांतून एक निवडावी लागते आणि जिच्या प्रवेशासाठी पदवीत ५५ टक्के गुण व एका वर्षाचा अनुभव मागितला जातो. पीएच.डी.साठी भारतीय नर्सिंग परिषदेने बंगळूरच्या राजीव गांधी आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या सहकार्याने राष्ट्रीय पातळीवरची एक सामायिक व्यवस्थाही उभी केली आहे. १९४६ मध्ये दिल्ली व वेल्लोर येथे नर्सिंगची पहिली पदवी सुरू झाली तेव्हा हे काम वॉर्डात हात चालवूनच शिकायचे असते असा सार्वत्रिक समज होता, हे लक्षात घेता ही शिडी पुष्कळच उंच झाली, असे म्हणावे लागेल.

मात्र या शिडीचा कल विचित्र आहे. महाविद्यालयाला मान्यता टिकवण्यासाठी दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक ठेवावा लागतो आणि वरच्या पदांवर एम.एस्सी. झालेलेच लागतात, उलट रुग्णालयात बढती सहसा सेवाज्येष्ठतेने मिळते आणि पदव्युत्तर पदवीमुळे पगारात नाव घेण्याजोगा फरक पडतोच असे नाही. परिणामी जी परिचारिका रुग्णाची शुश्रूषा अधिक चांगली करता यावी म्हणून शिकायला जाते, ती पदवी हाती पडताच वॉर्ड सोडून वर्गात फळ्यापुढे उभी राहते. तिचा यात काही दोष नाही. व्यवस्थेनेच तिच्यासाठी दुसरे दार ठेवलेले नाही.

वरच्या शिक्षणाने खाटेजवळ नेमका काय फरक पडतो, हे प्रसूतिगृहातील पार्टोग्राफ या एका कागदावरून समजून घेता येते. या आलेखावर गर्भाशयाचे मुख किती सेंटीमीटर उघडले, बाळाच्या हृदयाचे ठोके किती, दहा मिनिटांत कळा किती आल्या, हे ठरावीक वेळाने टिपले जाते. तासाला एक सेंटीमीटर या गतीने वर चढणारी तिरकी रेघ ही सावधानतेची, आणि तिच्या उजवीकडे चार तासांच्या अंतरावर आखलेली दुसरी रेघ ही कृतीची. पदविकेच्या वर्गात आलेख भरायला शिकवतात. तो असा का आखला गेला, हा प्रश्न मात्र बहुधा वरच्या वर्गातच निघतो. या रेघा १९७२ मध्ये तेव्हाच्या ऱ्होडेशियात फिलपॉट व कॅसल यांनी आखल्या त्या मुख्यतः अशासाठी, की दूरच्या लहान केंद्रातील सुईणीला रेंगाळलेली प्रसूती वेळेत ओळखून बाईला मोठ्या रुग्णालयात पाठवायला हाताशी तास उरावेत. भीमगडच्या रानातील वाड्यांवरून खानापूरला आणि तिथून गरज पडल्यास बेळगावला जाणाऱ्या बाळंतिणीच्या बाबतीत, विशेषतः धो धो पावसात, त्या चार तासांचा अर्थ वेगळा सांगायला नको. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट केले, की तासाला एक सेंटीमीटर ही गती अनेक निरोगी स्त्रियांना लागू पडत नाही आणि प्रसूतीचा सक्रिय टप्पा चारऐवजी पाच सेंटीमीटरपासून धरावा; त्यानुसार २०२० मध्ये नवा तक्ताही आला. जुनी रेघ ओलांडली म्हणून घाईने शस्त्रक्रियेकडे धाव घ्यायची, की बाळाचे ठोके ठीक आहेत तोवर थांबायचे, हे ठरवताना ज्ञान अद्ययावत असणारी परिचारिका खाटेशी हवी, महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये नव्हे.

ही उणीव धोरणकर्त्यांच्या ध्यानात आलेली नाही, असे नाही. नर्सिंग परिषदेने अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनर हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला, ज्याचा बहुतांश वेळ रुग्णांजवळच जातो, आणि २०१८ च्या अखेरीस केंद्र सरकारने प्रसूतिसेवेत स्वतंत्रपणे काम करणाऱ्या प्रशिक्षित मिडवाइफची कल्पना मांडली. पदवी देता येते, पद निर्माण करायला मात्र अर्थखात्याची सही लागते, आणि घोडे तिथेच अडते. त्यामानाने उपकेंद्रांवरील समुदाय आरोग्य अधिकारी हे पद लवकर रुजले, कारण सहा महिन्यांच्या प्रमाणपत्रानंतर नेमणूक ठरलेली होती. फिजिओथेरपिस्ट, प्रयोगशाळा व शस्त्रक्रियागृहातील तंत्रज्ञ यांना तर २०२१ च्या कायद्यापर्यंत देशपातळीवर स्वतःची नियामक संस्थाही नव्हती.

सीमाभागात आणखी एक पेच आहे. कर्नाटक कौन्सिलकडे नोंद असलेली मुलगी लग्न होऊन चंदगडला गेली किंवा नोकरीसाठी मडगावला गेली, तर तिला मूळ कौन्सिलकडून ना हरकत घेऊन नव्या राज्यात नाव चढवावे लागते, आणि तोवर पुढच्या प्रवेशाचे वेळापत्रक हुकण्याची भीती असते. शिवाय खानापूर तालुक्यात मराठी शाळेत शिकलेल्या मुलीचा अभ्यास इंग्रजीत, कार्यालयीन कागद कन्नडमध्ये आणि रुग्णाची तक्रार मराठी, कन्नड, कोकणी यांपैकी कशातही येते.

एम.एस्सी.च्या प्रबंधात या भाषिक गुंत्याचा प्रत्यय येतो. वेदना शून्य ते दहा या आकड्यांत मोजणारी साधी पट्टी वापरायची, तरी ती रुग्णाच्या भाषेत आणावी लागते, दुसऱ्या जाणकाराकडून पुन्हा इंग्रजीत उलटवून अर्थ बदलला नाही याची खात्री करावी लागते, तज्ज्ञांचा अभिप्राय घ्यावा लागतो. कारण वयस्क बाई आकडा न सांगता ‘सोसवत नाही’ एवढेच म्हणते आणि ते सात धरायचे की नऊ, हे आधी ठरलेले असावे लागते. इतक्या मेहनतीने तयार झालेली मराठी आणि कन्नड पट्टी प्रबंधाच्या परिशिष्टात जाते, प्रबंध कापडी बांधणीत ग्रंथालयाच्या कपाटात जातो, आणि प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर ती पट्टी सहसा दिसत नाही.