आकड्यांचा पोशाख

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळ्या तयार करणारे अनेक कारखाने आहेत. अशा मालाचा हिशेब संगणकावरील तक्त्यात मांडतात. या तक्त्यास स्प्रेडशीट व त्यातील प्रत्येक चौकटीस सेल म्हणतात.

सळईच्या व्यासाचा मिलिमीटरमधील आकडा घेऊन त्याच्या वर्गास १६२ ने भागले, म्हणजे एका मीटरचे वजन किलोग्रॅममध्ये मिळते. १२ मिलिमीटरच्या सळईचे हे उत्तर ०.८८८८... असे न संपणारे येते. सेलमध्ये दोनच दशांश स्थळे दाखविण्याची सूचना दिली की तेथे ०.८९ दिसते. परंतु बदलतो तो केवळ पोशाख. आत मूळची संख्याच नांदत असते. म्हणून १२ मीटर लांबीच्या १,००० सळ्यांचे वजन संगणक १०,६६६.६७ किलो दाखवितो. दिसणारे ०.८९ घेऊन कोणी कागदावर गुणाकार केला, तर मात्र १०,६८० येतात. यात संगणकाची चूक नाही. पण या तेरा किलोंचे जादा पैसे गिऱ्हाइकाने का मोजावेत?

'किलो' हा शब्द आकड्यापुढे हाताने लिहिला, तर संगणक त्या सेलमधील मजकुरास संख्या मानीत नाही आणि बेरजेत धरीत नाही. तोच शब्द आकड्याच्या मांडणीच्या सूचनेत अवतरणचिन्हांत घातला, तर तो डोळ्यांना दिसतो व बेरीजही बिनचूक होते.

स्वल्पविरामांचेही असेच आहे. लाख-कोटींत मोजणारा आपला वाचक १२,३४५,६७८ या आकड्यापाशी अडखळतो. मांडणी बदलली की तोच आकडा १,२३,४५,६७८ असा ओळखीचा होऊन समोर येतो.