ए मायनरवर चढवलेले थर

मुरबाडहून माळशेजकडे निघालं की टोकावड्यानंतर वैशाखरे लागतं. नाणेघाट चढणाऱ्यांच्या हे गाव ओळखीचं. इथला एक तरुण लग्नसराईत बेंजो पार्टीत वाजवतो आणि उरलेल्या वेळात गिटारवर सोलो बसवतो. हळदी-वरातींत वाजवून बोटांना वेग आलेला आहे. अडचण वेगळीच आहे. "दादा, ए मायनर आला की मी फिरून फिरून तेच वाजवतो. पाच सूर झाले की पुढे काय?"

ते पाच सूर म्हणजे ए, सी, डी, ई, जी. पाचव्या फ्रेटवरचा हा साचा गिटार शिकणारे बहुतेक सगळे आधी गिरवतात. पांढरी सहाचा सा धरला तर सा, कोमल ग, म, प, कोमल नि. म्हणजे आपल्या धानी रागाचे सूर. त्यांत उणं काही नाही. फक्त रे आणि ध बाहेर राहतात, आणि मायनरचा खरा रंग मला तिथेच दिसतो.

आम्ही फोनवर ए मायनर सेव्हन दोन मिनिटं संथपणे वाजवून रेकॉर्ड केला आणि तोच मागे लावून ठेवला. त्यावर ए मायनरचे सूर सुटे करून वाजवण्याऐवजी त्याला सी मेजर सेव्हनचा आर्पेजिओ वाजवायला सांगितलं. तिसऱ्या तारेवर पाचवा फ्रेट, सी. दुसऱ्या तारेवर पाचवा आणि आठवा, ई आणि जी. मग सर्वांत बारीक तारेवर सातवा, बी. पहिले तीन सूर कॉर्डमध्ये आहेतच, त्यामुळे कानाला काही वावगं वाटत नाही. बी आला आणि त्याचा हात थांबला. तो रिषभ होता. खाली सा आणि कोमल ग वाजत असताना वरच्या सप्तकातला रे त्यांना खेटून उभा राहतो, तरी टोचत नाही. तिथून एक फ्रेट पुढे सरकून सी वर टेकलं की वाक्य पुरं होतं. दोन फ्रेट मागे ए वर आलं तरी होतं. हा एकच सूर तो बराच वेळ घोळवत बसला आणि मी त्याला घाई केली नाही.

पुढचा थर ई मायनर सेव्हनचा: ई, जी, बी, डी. खालचा सी सुटतो, वर मध्यम जोडला जातो. त्यानंतर जी मेजर सेव्हन: जी, बी, डी, एफ शार्प. दर वेळी तळातला एक सूर सोडायचा आणि वर एक सूर चढवायचा. मागचा कॉर्ड जागचा हलत नाही, तरी सोलो उंच उंच जातो. कार्लोस सांतानाच्या १९७० च्या 'ओये कोमो वा'मध्ये ए मायनरनंतर डी येतो, आणि डी मध्ये एफ शार्प असतोच. तिथे हा तिसरा थर निर्धास्त वाजवावा.

सगळीकडे मात्र तो चालत नाही. एफ शार्प म्हणजे शुद्ध धैवत. तो काफी थाटातला. गाण्यात ए मायनरनंतर एफ मेजर येत असेल तर धैवत कोमल आहे, थाट आसावरीचा. तिथे शुद्ध ध लावला की सूर उपरा वाटणारच. सोलो बसवण्याआधी गाण्यातले सगळे कॉर्ड तपासायला हवेत, आणि नेमका याच कामाचा बहुतेकांना कंटाळा असतो.

कॉर्ड आणि राग जोडण्याच्या या वाटेवर आपल्याकडचं एक मोठं नाव आहे, अमान्सियो डिसिल्वा. १९३६ साली मुंबईत गोवेकर घरात जन्मलेला हा गिटारवादक पुढे लंडनला गेला. सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबरचा त्याचा 'हम दोनो' हा अल्बम १९६९ चा. जॅझचे कॉर्ड आणि रागाची चाल एकाच हातातून कशी निघते, ते तिथे ऐकायला मिळतं. बेंजो किंवा पेटीवर कान तयार झालेल्या वादकाने तो जरूर ऐकावा.

तिन्ही थर एका दमात वाजवले तर नुसती कवायत होते. एका सोलोत एखादाच पुरतो. मी निवडायला सांगेन तो पहिला. ए मायनर सेव्हन लावा, सी, ई, जी, बी वाजवा आणि बी वर थांबा. तो सूर कानात बसेपर्यंत दुसऱ्या थराला हात लावू नका.