नजरेचा माग घेऊन वंशाची जाणीव कशी तपासतात

परक्या वंशाचे चेहरे आपल्याला सारखेच वाटतात, आपल्यातले मात्र चटकन ओळखू येतात. असं का होतं, हे शोधायला मानसशास्त्रज्ञ ‘आय ट्रॅकर’, म्हणजे नजरेचा माग घेणारं यंत्र, वापरतात.

आपण पडद्यासमोर हनुवटी टेकवून बसता. यंत्र डोळ्यांवर अवरक्त, म्हणजे न दिसणारा, प्रकाश टाकतं. त्याचा ठिपका डोळ्यात चमकतो. डोळा फिरला की बाहुली आणि ठिपका यांतलं अंतर बदलतं; कॅमेरा त्यावरून नजर कुठे आहे ते काढतो.

आधी ‘कॅलिब्रेशन’, म्हणजे यंत्र आपल्या डोळ्यांशी जुळवून घेणं. पडद्यावरच्या ठिपक्यांकडे एकेक करून पाहायचं. घोळ बहुतेक इथेच होतो. चष्म्याची काच चमकते, मस्कारा बाहुली समजला जातो, झुकलेली पापणी बाहुली झाकते. डोळ्यांची ठेवण लोकसमूहानुसार बदलते. त्यामुळे एका गटाची नोंद जास्त निसटली, तर कॅमेऱ्याची उणीव माणसांतला फरक म्हणून छापली जाऊ शकते. म्हणून दोन्ही गटांची किती नोंद वाया गेली, हे आधी पाहावं.

मग चेहरे दाखवतात. चेहरा नेहमी पडद्याच्या मधोमध आला, तर पहिली नजर आपोआप नाकावर पडते. त्यामुळे जागा बदलत राहावी लागते. बाहुलीचा आकार मोजायचा असेल तर फोटोंचा उजेड सारखा हवा, कारण उजळ फोटोनेही बाहुली आकसते.

नजर साधारण सेकंदाचा पाव भाग थांबते आणि उडी मारते. त्या थांब्यांचा नकाशा बनतो.

आता खरी कसोटी, अर्थ लावण्याची. ग्लासगोच्या संशोधकांनी 2008 मध्ये दाखवलं, की पाश्चात्त्य गोरे प्रेक्षक डोळे आणि तोंड पाहतात, तर पूर्व आशियाई चेहऱ्याच्या मध्यावर, नाकाजवळ, थांबतात. समोरचा चेहरा कोणत्याही वंशाचा असो, ही सवय तीच राहिली. तरीही ज्याचे-त्याचे चेहरे ज्याला-त्याला जास्त नीट ओळखता आले. 2010 च्या एका प्रयोगात नजरेभोवतीचा छोटा गोलच दिसेल अशी सोय केली, तेव्हा पूर्व आशियाई प्रेक्षकही डोळ्यांकडे वळले. म्हणजे नाकावर नजर ठेवूनही ते एरवी डोळे टिपतच होते.

म्हणून नुसता नजरेचा नकाशा बघून कुणाला पूर्वग्रहदूषित ठरवणारी बातमी वाचलीत, तर हेही तपासा: सोबत ओळखण्याची चाचणी घेतली होती का? नसेल, तर तो निष्कर्ष मानू नका.